दाबून ठेवलेली ताकद आणि आंबा घाटाचा चढ

आंब्याचा सीझन तोंडावर आला की आमच्याकडच्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. "कंपनी डिझेल इंजिनाची तीस-चाळीस टक्के ताकद मुद्दाम दाबून ठेवते. बॉक्स लावा, ईजीआर बंद करा, डीपीएफ काढून टाका, कोन फिल्टर बसवा. पॉवर वाढेल, अ‍ॅव्हरेजही वाढेल. इंजिनाला काही होत नाही, पीयूसी पास होते. अमेरिकेत सगळे पिकअपवाले हेच करतात." खाली व्हिडिओ: मोकळं मैदान, रिकामी गाडी, मागून काळ्या धुराचा लोट आणि पोरांच्या शिट्ट्या. यातला बॉक्स म्हणजे इंजिनाच्या वायरिंगमध्ये लावायची डबी, ईजीआर म्हणजे जळलेला वायू थोडा परत इंजिनात घेणारी यंत्रणा, डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आणि कोन फिल्टर म्हणजे शंकूसारखा बाजारी एअर फिल्टर.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं गॅरेज आहे. रीमॅप म्हणजे ईसीयू, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं; मी काही त्याचा शत्रू नाही. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलमध्ये नीट केलेल्या रीमॅपनं पंधरा-वीस टक्के ताकद वाढते, यात जादू नाही आणि खोटंही नाही. पण या मेसेजमध्ये बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात, म्हणून एकेक बाहेर काढतो.

पहिलं, "कंपनीनं ताकद दाबली". अर्धं खरं आहे. टोयोटाची हायलक्स बघा. आपल्याकडं २.८ लिटरचं एकच डिझेल इंजिन, २०४ पीएसचं (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). ऑटोमॅटिक घेतली तर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ५०० न्यूटन-मीटर, मॅन्युअल घेतली तर ४२०. म्हणजे ८० न्यूटन-मीटर दाबलेत की! मेसेजवाल्यांना हे उदाहरण अजून कसं सापडलं नाही, याचं मला नवल वाटतं. पण जरा विचार करा. इंजिन तेच, मग दाबले कशासाठी? कारण इंजिनात नाही, इंजिनाच्या मागं आहे. मागं क्लच आहे, गिअरबॉक्स आहे, आणि मालकानं कितीही भरलं, कसंही हाणलं तरी त्यांनी वॉरंटीभर टिकायला हवं. तुम्ही ईसीयूमध्ये आकडा वाढवलात म्हणून क्लच प्लेट जाड होत नाही. रीमॅप केलेल्या गाड्या माझ्याकडं येतात त्या बहुतेक इंजिनासाठी नाही, क्लचसाठीच येतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरला आरपीएम चढतो आणि गाडी जागच्या जागी.

याच मुद्द्याला जोडून सांगितलं जातं की प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनं मारली. इसुझूची व्ही-क्रॉस घ्या. बीएस ४ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळात तिचं २.५ लिटरचं इंजिन १३५ पीएसच्या आसपास द्यायचं आणि १.९ लिटरचं १५० पीएस. त्याहून कडक बीएस ६ आल्यावर तेच १.९ लिटरचं इंजिन १६३ पीएसचं झालं. नियम कडक झाले, इंजिन लहान, ताकद जास्त. आता बोला.

दुसरा मुद्दा बॉक्सचा. इथं थोडं थांबतो, कारण खरी गंमत इथंच आहे. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर हवा सोडतो. डिझेलमध्ये हवा जेवढी येते तेवढी येते, ताकद ठरते किती डिझेल मारलं यावर. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबानं तुंबलेलं असतं. त्या रेलवर एक सेन्सर असतो, तो ईसीयूला दाब कळवतो. स्वस्तातला बॉक्स काय करतो? त्या सेन्सरच्या वायरमध्ये घुसतो आणि ईसीयूशी खोटं बोलतो. दाब १२०० बार असला की सांगतो ११००. ईसीयूला वाटतं कमी पडतंय, तो पंपाकडून अजून दाब मागतो. नोझल उघडतं तेवढाच वेळ, पण त्यातून डिझेल जातं जास्त. एवढीच ती किमया.

आता पुढं. मीटरवर अ‍ॅव्हरेज कोण दाखवतं? तोच ईसीयू. तो हिशेब करतो आपण सांगितलेल्या डिझेलचा. प्रत्यक्षात गेलेलं जास्तीचं डिझेल त्याच्या वहीत नाहीच. म्हणून बॉक्स लावल्यावर मीटरवर अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसतं आणि लोक त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. खोटं बोलायला लावलेल्या माणसाकडूनच खरेपणाचा दाखला घ्यायचा, असा हा प्रकार. अ‍ॅव्हरेज मोजायचं तर टाकी तोंडोतोंड भरा, नेहमीच्या रूटवर नेहमीच्या लोडला चारपाचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तोंडोतोंड भरा आणि भागाकार करा. चांगल्या रीमॅपनंतर हलक्या पायाच्या ड्रायव्हरला थोडा फरक पडतो, कारण खालच्या आरपीएमला गाडी ओढते आणि तो गिअर लवकर टाकतो. मोठा फरक मात्र कुठून येणार? गाडीचं वजन तेच, टायर तेच, समोरचा वारा तोच.

आणि तो काळा धूर. लोकांना तो ताकदीची खूण वाटतो. आत जेवढी हवा आहे तेवढंच डिझेल नीट जळतं. वरचं अर्धवट जळून काजळी होऊन बाहेर पडतं, तेही पंपावर रोख मोजून घेतलेलं.

गेल्या काही वर्षांतली एक गाडी माझ्या नीट लक्षात आहे. दीड टन हापूस भरून रत्नागिरीहून निघालेली, बॉक्स लावलेली, एप्रिलातली दुपार. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागली आणि अर्ध्यात आवाज बदलला. टोचन करून आणली. हेड उतरवलं तर तिसऱ्या पिस्टनच्या वाटीची कड गायब. बोट फिरवलं की गुळगुळीत लागायचं, चुलीजवळ ठेवलेल्या मेणबत्तीची कड ओघळते तसं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि आतला जाळ दोन हजाराच्या वर जातो. पिस्टन वाचतो तो एवढ्यासाठीच की तो जाळ क्षणभराचा असतो आणि खालून ऑइलचा फवारा त्याला थंड ठेवतो. मैदानातल्या व्हिडिओत फुल अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद असतो. घाटात तो पंधरा-वीस मिनिटं असतो, मागं लोड, गाडीचा वेग कमी म्हणून रेडिएटरला वाराही कमी. मालकानं बॉक्सवाल्याला फोन लावला. उत्तर आलं, "ओव्हरलोड केलं असंल तुम्ही." पिकअपमध्ये लोड नाही भरायचा तर काय भरायचं, हे त्यानं सांगितलं नाही. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून मार्केटला पोचेपर्यंत भाव पडला, तो हिशेब वेगळाच.

तिसरं, ईजीआर. याची बदनामी अगदीच निराधार नाही. जळलेला वायू थोडा परत आत घेतल्यानं जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात, हे त्याचं काम. त्या बदल्यात इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, काजळी आणि ब्रीदरच्या नळीतून येणारं ऑइल मिळून डांबरासारखा थर बसतो. मी स्वतः खरवडून काढलाय, नखातला काळेपणा चार दिवस जात नाही. पण ईजीआर बंद करून पॉवर वाढते हे साफ चूक. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ईसीयू तो व्हॉल्व्ह स्वतःच मिटतो. म्हणजे ताकद हवी असते तेव्हा तो वाटेत नसतोच. पत्रा कापून ईजीआरची वाट बंद केली की चेक लाइट लागते, पुष्कळ गाड्या लिम्प मोडला जातात, म्हणजे ईसीयू स्वतःच ताकद तोडतो, आणि मग गाडी आधीपेक्षाही कमी ओढते. ठरावीक किलोमीटरला काढून साफ करून घ्या, बस.

डीपीएफचंही तसंच. तुंबलेला डीपीएफ गाडी मारतो, मान्य. पण तो तुंबतो का? गावातल्या गावात फिरणारी गाडी सायलेन्सर तापू देत नाही. आतली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास गरमी लागते. गाडी स्वतः जास्तीचं डिझेल मारून ती गरमी करायला जाते, तेवढ्यात मालक चावी बंद करून चहाला जातो. असं चारदा झालं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. आठवड्यातून एकदा हायवेला वीस-पंचवीस मिनिटं दोन हजारच्या वर आरपीएमला चालवा आणि डीपीएफसाठीचंच कमी राखेचं ऑइल टाका. धड चाललेला डीपीएफ काढून मिळणारी ताकद लोड गाडीत जाणवणारही नाही.

कोन फिल्टरबद्दल दोनच ओळी. आपल्या रस्त्यावरची धूळ बघा आणि कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. तेलात भिजवलेल्या फिल्टरचं तेल आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर-फ्लो सेन्सरवर बसलं की आकडेच चुकतात.

"पीयूसी पास होते" हे मात्र बऱ्याचदा खरं असतं, आणि त्याला काही अर्थ नाही. डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा बघतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पीयूसी पास म्हणजे बदल कायदेशीर, असं कुठंच लिहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदलांवर बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, बॉक्स विकणाऱ्याला नाही.

राहता राहिली अमेरिका. तिथं हे खूप झालं, खरंच. तिथल्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, २०२० मध्ये अंदाज मांडला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढली गेली. मेसेजवाल्याला एवढंच ठाऊक. पण ईपीएनं तो आकडा कौतुकानं काढला नव्हता, कारवाईसाठी काढला होता. असले ट्यूनर आणि डिलीट किट विकणाऱ्यांवर तिथं खटले आणि मोठे दंड झाले. खुद्द इंजिन बनवणाऱ्या कमिन्सला रॅम पिकअपमधल्या फसव्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला. शिवाय तिथली ती इंजिनं बहुतेक सहा ते पावणेसात लिटरची. आपल्या अडीच लिटरच्या बोलेरो पिकअपला त्यांचा नियम लावणं म्हणजे बैलाचं जू शेळीच्या मानेवर.

परवाच एक जण बॉक्सची किंमत विचारत आला. "दादा, गाडी पहिल्यासारखी ओढत न्हाई, काहीतरी वाढवा." बॉनेट उघडलं. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाइप वाकणावर बोटभर फाटलेला, त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. टर्बो भरत होता ती निम्मी हवा तिथूनच फुसफुसत बाहेर. पाइप बदलला, क्लिप आवळली, एअर फिल्टरातली मूठभर माती झटकून नवा टाकला. गडी गगनबावड्याला जाऊन आला आणि गाडी दारात लावून म्हणाला, "तेवढं बॉक्सचं ऱ्हाऊ दे आता."