‘फुकटे’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

केबल आणि अ‍ॅपच्या भांडणांत सामने हातचे जाणाऱ्या प्रेक्षकांवर मी जो लेख लिहिला, त्यावर आपण पुण्याहून पाठवलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दोन दिवस जाऊ देऊन आज उत्तर लिहायला बसलो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रक्षेपण हक्कांच्या पैशावरच देशातले क्रिकेट उभे आहे, माझ्या लेखात कायद्याची चूक आहे, लेख विनाकारण लांबला आहे आणि तो काढून टाकावा, असे आपले म्हणणे आहे. त्यानंतर येते ते शेवटचे वाक्य, जे मी जसेच्या तसे उतरवतो : “तीन महिन्यांना १४९ रुपये, म्हणजे रोजचे दोन रुपयेही नाहीत, तेवढेही ज्यांच्या खिशातून निघत नाहीत त्या फुकट्यांनी सामने बघण्याचा हट्ट सोडावा आणि हे सोलापुरी रडगाणे बंद करावे.”

आधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे थेट चित्रण खासगी वाहिनीला प्रसार भारतीकडे, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, द्यावे लागते. त्या यादीत आयपीएल नाही. माझ्या लेखातील एका वाक्यावरून ते आहे असा समज होत होता. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपले आभार मानतो. त्यासाठी ‘अभ्यास करून लिहीत जा’ असे एकेरीत सांगण्याची मात्र गरज नव्हती. माझे वय पंचेचाळीस आहे, आपला माझा परिचय नाही, आणि मी लेखात कोणालाही एकेरी संबोधलेले नाही.

आता ‘फुकटे’ या शब्दाकडे येतो.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करत. पगार आठवड्याला हातात पडे आणि त्यातून किराणा, घरभाडे व आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे बाजूला काढले की उरलेल्यातून केबलचा हप्ता ते स्वतः वेगळा ठेवत. केबलवाल्याचा मुलगा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येई आणि पिवळ्या कार्डावर सही करून जाई. ती कार्डे आईने एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. गेल्या रविवारी मी ती काढून पाहिली. कारखाना बंद पडला त्या वर्षाचे तीन महिने सोडले, तर एकही रकाना रिकामा नाही, आणि त्या तीन महिन्यांचे पैसेही पुढे दोन हप्त्यांत फेडल्याची नोंद त्याच कार्डावर आहे. अशा माणसाच्या घराला आपण, घरबसल्या, एका ओळीत फुकटे ठरवता. ज्याने आयुष्यभर पैसे मोजूनच खेळ पाहिला त्याला हा शब्द कसा लागतो, याचा विचार आपण लिहिण्यापूर्वी केला असता तर बरे झाले असते.

आपल्या वाक्यात एक गृहीत धरलेले आहे, आणि माझा सगळा आक्षेप त्याच्यावर आहे. पैसे दिले की सामना दिसतो, असे आपण धरून चालता. आमचा अनुभव असा आहे की पैसे दिलेले असतात आणि तरीही सामना दिसत नाही.

जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ एकदिवसीय मालिकेसाठी आला होता. नागपूरच्या पहिल्या सामन्यात सौरव गांगुली संघात परतला आणि ९८ धावा करून धावबाद झाला. हक्क घेतलेल्या खासगी वाहिनीचे आणि प्रसार भारतीचे जुळले नव्हते, ती वाहिनी आमच्या केबलवर नव्हती, आणि दूरदर्शनवर सामना नव्हता. आपल्याच राज्यात चाललेल्या सामन्यातील ती खेळी वडिलांनी कारखान्यातून आल्यावर शेजाऱ्याच्या तोंडून ऐकली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने दूरदर्शनला सात मिनिटे उशिराने चित्रण दाखवण्याची मुभा दिली, आणि त्याच वादातून आधी अध्यादेश व मग तो कायदा झाला. आमच्या घरात त्या कायद्याचे स्वागत झाले होते. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असे मिळालेले चित्रण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या भूस्थित, म्हणजे अँटेनावर दिसणाऱ्या, प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या ‘फ्री डिश’ या डिश सेवेवर दाखवावे. खासगी केबलवरून ते पुढे जाऊ नये. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असेल. त्याचा परिणाम असा की दरमहा पैसे भरणाऱ्या केबलच्या ग्राहकाला दूरदर्शनवर तो सामना दिसत नाही, आणि एकदाच खर्च करून छतावर फ्री डिश बसवलेल्या शेजाऱ्याला दिसतो. ‘मग डिश बसवा’ असे आपण म्हणाल. आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. छत मालकाचे होते आणि त्याने तीनदा नकार दिला होता.

फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट तर ताजी आहे. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालू होती. नव्या दरांच्या करारावर केबलचालकांनी सह्या केल्या नाहीत म्हणून मोठ्या प्रसारण कंपन्यांनी आपल्या वाहिन्या बंद केल्या, आणि केबलचालकांच्या महासंघाने तेव्हा साडेचार कोटी घरांचा आकडा सांगितला होता. त्या घरांत आमचे एक होते. रविवारी सकाळी ऑस्ट्रेलियाचा डाव ११३ धावांत संपला, रवींद्र जडेजाने ४२ धावांत ७ बळी घेतले, आणि निवृत्त झालेले माझे वडील काळ्या पडद्यासमोर रिमोट हातात धरून बसले होते. त्या महिन्याचे पैसे आम्ही महिना सुरू होतानाच भरले होते. काही दिवसांनी करार झाले, वाहिन्या परत आल्या, पण गेलेल्या दिवसांचा एक रुपयाही कोणी परत केला नाही. दोघांच्या भांडणात ग्राहकाला कोणी विचारले नव्हते. यात फुकटा कोण, ते आपण मला समजावून सांगावे.

आता आपले दोन रुपये. आपण सांगितलेला जिओहॉटस्टार या अ‍ॅपचा १४९ रुपयांचा दर एका मोबाइलच्या पडद्यासाठी आहे. आमच्या घरात सामना पाच माणसे बघतात, त्यांत चष्मा लावूनही धावफलक न दिसणारे एक वृद्ध आहेत. टीव्हीवर बघायचे तर २०२५ मध्ये त्याच तीन महिन्यांना २९९ रुपये लागत, आणि त्याशिवाय इंटरनेटचा खर्च. तेवढे दिल्यावर तरी वर्ष निभावते का? २०२५ मध्ये आयपीएलसाठी जिओहॉटस्टारचे पैसे भरलेल्या माणसाला सप्टेंबरच्या आशिया चषकासाठी सोनी लिव्ह घ्यावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडमधील कसोटी मालिका टीव्हीवर सोनीकडे आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारकडे होती. केबलवर २०१९ च्या नव्या दररचनेत तर वाहिन्या निवडण्यापूर्वीच १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, नुसत्या जोडणीचे झाले. खेळाच्या वाहिन्या त्याच्यावर. जो खर्च आपण रोजच्या दोन रुपयांत बसवता, तो प्रत्यक्षात चार ठिकाणी वाटलेला आहे आणि दर मोसमाला जागा बदलतो. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला रकमेइतकाच हा बेभरवसा अडचणीचा असतो, हे पुण्यात बसून कळत नसेल तर निदान विचारावे.

‘सोलापुरी रडगाणे’ या शब्दांनी आपण एका गावाची निष्कारण हेटाळणी केली आहे. भारताचे माजी कसोटी कर्णधार पॉली उम्रीगर यांचा जन्म या गावात झाल्याचे सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना इथल्या पार्क मैदानावर झाला तेव्हा मी मुलाला घेऊन गेलो होतो. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी आयपीएलमध्ये लखनौकडून आणि सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे महिला प्रीमियर लीगमध्ये यूपीकडून खेळते. आपल्या गावची मुले खेळताना पाहावीत एवढीच इथल्या माणसाची इच्छा असते. तिला हट्ट म्हणणाऱ्याने एकदा या गावात येऊन आमच्याबरोबर सामना बघावा. भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडे असते.

हक्कांच्या पैशावर देशांतर्गत क्रिकेट चालते, हा आपला मुद्दा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्याने माझ्या म्हणण्याला कोठेही बाधा येत नाही. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले हे मलाही ठाऊक आहे. लेख लांबला, याविषयी माझे काही म्हणणे नाही. ज्यांना लांब वाटला त्यांनी वाचू नये.

लेख काढून टाकण्याची आपली सूचना मी स्वीकारत नाही. आयपीएलविषयीचे वाक्य बदलले आहे आणि त्याखाली दुरुस्तीची तारीख दिली आहे. आपली प्रतिक्रियाही एक शब्द न वगळता तशीच राहील. हे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. ‘फुकटे’ हा शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतला आणि डबा उघडून कार्डे पुन्हा मोजली.