ऑलिव्हिए सॅलड : ‘बिघडलेली नक्कल’ नव्हे

‘१८८३ मध्ये ल्युसिएन ऑलिव्हिए वारला आणि खरे सॅलड त्याच्याबरोबरच संपले, आज रशियात नववर्षाला होते ती बिघडलेली नक्कल’ हे ऑलिव्हिए सॅलडवरील (उकडलेले बटाटे, गाजर, मटार वगैरे मेयोनीजमध्ये कालवून केलेल्या पदार्थावरील) लेखातील विधान मला पटले नाही. ऑलिव्हिए हा मॉस्कोच्या ‘एर्मिताझ’ उपाहारगृहातील बल्लव, आणि त्याचा सॉस गुपित राहिला, हे खरे. परंतु १८९७ मधील अलेक्सांद्रोवा यांच्या पाकपुस्तकात ग्राउस पक्ष्याचे मांस, क्रेफिश (गोड्या पाण्यातील झिंग्यासारखा प्राणी), केपर (खारवलेल्या कळ्या), बटाटे आणि काकडी घातलेली कृती सापडते, तिच्यात गाजर आणि मटार नाहीत. सोव्हिएत काळात ग्राउसच्या जागी कोंबडी किंवा उकडलेले सॉसेज आले आणि डबाबंद मटार मिळणे हीच सणाची खूण ठरली. टंचाईतून घडलेल्या पदार्थाला बिघडलेला म्हणणे अन्यायाचे आहे.

लेखात दिलेल्या कृतीत मात्र लेखकाने महत्त्वाची गोष्ट गाळली आहे. रशियात शिकत असताना ३१ डिसेंबरला वसतिगृहात आम्ही गरम बटाटेच चिरले आणि सॅलडचा अक्षरशः लगदा झाला (तो संपला, ही गोष्ट वेगळी). शेजारच्या खोलीतील मुलीने तेव्हा शिकवले, की बटाटे आणि गाजर सालासकट उकडून पूर्ण गार होऊ द्यावेत, सर्व फोडी मटाराच्या दाण्याएवढ्याच कराव्यात, खारवलेल्या काकडीचे पाणी पिळून काढावे आणि मेयोनीज वाढण्याच्या थोडेच आधी मिसळावे, कारण आधी मिसळल्यास भाज्यांना पाणी सुटते. मीठ सर्वांत शेवटी, तेही चव पाहूनच.