'टूरिंगचा बूट एक नंबर मोठाच घ्या': एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

स्की टूरिंगचे, म्हणजे स्की पायांना लावूनच बर्फाचा डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचा या खेळाचे, पहिले बूट घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो इतक्या जणांकडून आलेला असतो की पडताळून पाहावा असे कोणाला वाटतही नाही. सल्ला असा: टूरिंगमध्ये दिवसाचा बहुतेक वेळ चढण्यात जातो आणि पाय सुजतात, म्हणून बूट एक नंबर मोठाच घ्यावा, लायनर, म्हणजे कडक कवचाच्या आत बसणारा मऊ बूट, गरम करून पायाच्या आकाराचा करता येतो, तेव्हा थोडे कमीजास्त असले तरी ते नंतर जुळवून घेता येते, आणि तसेही आजचे हलके बूट दोन हंगामांत संपतात, जुन्या जाड बुटांसारखे ते आयुष्यभर टिकत नाहीत, त्यामुळे मापाची फार चिकित्सा करण्यात अर्थ नाही. या तिन्ही विधानांत सत्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती पसरतात. परंतु तिन्ही एकत्र मानून चालणाऱ्याचे पाय सोलवटतात आणि बूटही अकाली खिळखिळे होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले विधान नंबराचे आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. स्कीच्या बुटाचा नंबर मोंडोपॉइंट पद्धतीने दिला जातो. हा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचे पाऊल. रोजच्या वापरातल्या बुटांच्या नंबरात बोटांपुढची मोकळी जागा धरलेली असते, शिवाय प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा असतो. त्यामुळे रोजच्या नंबरावरून तक्त्यात पाहून मोंडोपॉइंट काढणारा माणूस पुष्कळदा आधीच मोठ्या नंबरावर पोचलेला असतो, आणि त्यावर सल्ल्यातला आणखी एक नंबर चढला की पाऊल आणि बूट यांच्यात दोन नंबरांचे अंतर पडते. पाऊल मोजायचे ते टाच भिंतीला टेकवून आणि अंगाचा भार पायांवर घेऊन, कारण भार पडला की तळव्याची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबते. दोन्ही पावले मोजावीत; ती क्वचितच अगदी सारखी भरतात.

अर्ध्या नंबरांबद्दलही गैरसमज आहे. शेल, म्हणजे बुटाचे बाहेरचे कडक कवच, बहुतेक कंपन्या पूर्ण नंबरांतच बनवतात. २६.० आणि २६.५ यांचा शेल बहुधा एकच असतो, काही कंपन्यांत २५.५ आणि २६.० यांची जोडी असते, आणि फरक असलाच तर तो आतल्या तळपट्टीचा किंवा लायनरचा. म्हणजे अर्धा नंबर वाढवून कवच मोठे होईलच असे नाही. उलट एक पूर्ण नंबर वाढवला की कवच साधारण सेंटिमीटरभर लांब होते, सोबत रुंद आणि उंचही होते, आणि घोटा ज्या खोलगट जागेत बसायला हवा ती जागाच सरकते. बुटावर लिहिलेली रुंदी, समजा १०० मिलिमीटर, ही बहुधा २६.५ या नंबरावर मोजलेली असते. मोठ्या नंबरात ती त्याहून जास्त आणि लहान नंबरात कमी असते. ज्याचा चवडा रुंद आहे, पण लांबी नेमकी आहे, त्याने लांब बूट घेऊन रुंदी मिळवली तर एका जागेच्या सोयीसाठी तो बाकी सगळीकडे तोटा पत्करतो.

खरे माप कळते ते लायनर काढून. रिकाम्या शेलमध्ये पातळ मोजा घातलेला पाय टाकावा, बोटे पुढच्या भिंतीला जेमतेम टेकवावीत, गुडघा थोडा वाकवावा आणि टाचेच्या मागे किती फट राहते ते पाहावे. अंदाज म्हणून तिथे एक बोट आरामात आणि दुसरे कष्टाने मावले, म्हणजे फट १५ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान राहिली, तर टूरिंगसाठी लांबी योग्य. उतारावरच्या शर्यतीचे बूट घेणारे १० मिलिमीटरच्या आसपास थांबतात, म्हणजे टूरिंगची मोकळीक या मापात आधीच धरलेली आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. मी माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी ती केली नव्हती. विक्रेत्याने तोच लोकप्रिय सल्ला ऐकवला, बूट पायात मऊ वाटले आणि मी ते घेतले. पुढे एका संध्याकाळी शेल उघडून पाहिला, तेव्हा टाचेमागे तीन बोटे सरळ आत गेली.

मोठ्या बुटाने चढताना आराम मिळतो, हे विधान चढण्याच्या क्रियेकडे नीट पाहिले तर टिकत नाही. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारे साधन; टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये चढताना बूट फक्त पुढच्या टोकाशी धरलेला असतो आणि प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते. पाय वर येताना बुटाचे सगळे वजन पावलाच्या वरच्या भागावर लोंबकळते. घोट्याभोवतीची जागा घट्ट असेल तर टाच आणि बूट एकत्र उठतात. ती सैल असेल तर आधी टाच उठते आणि मग बूट. ही उचल चार-पाच मिलिमीटरचीच असेल, पण एका पावलात १५ सेंटिमीटर उंची मिळते असे धरले तर १००० मीटर चढायला साडेसहा हजारांहून अधिक पावले पडतात. म्हणजे प्रत्येक टाच तीन हजारांहून अधिक वेळा घामाने ओलसर झालेल्या मोज्यात घासली जाते. फोड येतो तो या घासण्याने आणि त्वचेच्या थरांवर पडणाऱ्या ताणाने. उतरताना याच मोकळ्या जागेत पाऊल पुढे सरकते आणि बोटे समोरच्या भिंतीवर आदळतात. बूट लहान असला की नखे काळी पडतात, असे समजले जाते; माझी दोन्ही अंगठ्यांची नखे मोठ्या बुटात काळी पडली, आणि ती गळून नवी यायला कित्येक महिने लागले.

पाय सुजतात हे मात्र खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. दिवसभराच्या चालीने पाऊल फुगते आणि चवडा पसरतो. परंतु ही वाढ मुख्यतः चवड्याकडे होते, टाचेच्या हाडाकडे नव्हे. म्हणून जागा चवड्याशी आणि बोटांशी हवी, आणि ती शेल तिथल्या तिथे गरम करून फुगवून घेता येते. टाच आणि घोटा आहेत तसेच धरलेले राहायला हवेत. सैल बूट घातलेला माणूस टाच हलू नये म्हणून पावलावरचे बकल शेवटच्या दातावर ओढतो. पावलाच्या वरच्या बाजूने बोटांकडे रक्त नेणारी धमनी तिथेच त्वचेच्या अगदी जवळून जाते. ती दाबली गेली की बोटे गार पडतात, आणि मग तो माणूस आणखी जाड मोजा घालतो, ज्याने दाब वाढतो. थंडीत बोटे बधिर होणे ही साधी गैरसोय नव्हे, म्हणून या मुद्द्याबद्दल मी आग्रही आहे.

दुसरे विधान लायनरचे. टूरिंगचे पुष्कळ लायनर ईव्हीए या बंद पेशींच्या फोमचे असतात. गरम केल्यावर हा फोम मऊ होतो, आत पाय घालून उभे राहिले की जिथे दाब जास्त तिथे तो दबतो, आणि थंड झाल्यावर तो आकार धरतो. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. पण फोम दबून जागा देऊ शकतो, नसलेली जागा भरून काढू शकत नाही. त्याची जाडी जितकी आहे तितकीच आहे. शिवाय वापराने लायनर एकाच दिशेने बदलतो, तो दबत जातो आणि बूट हळूहळू सैल होतो. पुन्हा गरम केल्यास थोडी फुगोटी परत येते, पूर्ण येत नाही. म्हणून दुकानात उबदार चपलेसारखा वाटणारा नवा बूट वीस-पंचवीस दिवसांनंतर कसा वाटेल, याचा अंदाज बांधून तो निवडावा लागतो. पहिल्या दिवशी सगळीकडून सारखा, न दुखणारा दाब जाणवणे हे चांगले लक्षण आहे.

उरले शेलमध्ये नंतर बदल करणे. तेही प्रत्येक प्लास्टिकला सारखे जमत नाही. पॉलियुरेथेन गरम करून फुगवले की बहुतांशी तसेच राहते. पेबॅक्स थोडेफार मूळ आकाराकडे परत ओढले जाते. ग्रिलामिड, म्हणजे पॉलिअमाइड १२ या कुळातले प्लास्टिक, फार थोड्या तापमानाच्या पट्ट्यात वश होते. कमी तापले तर हलत नाही, जास्त तापले तर शेल बिघडतो. कार्बन तंतूंनी मजबूत केलेला भाग जवळजवळ ताणलाच जात नाही. टूरिंगचे हलके बूट नेमके या शेवटच्या दोन-तीन पदार्थांचे असतात. तेव्हा बूट जितका हलका, तितकी 'नंतर बघू' म्हणण्याची मुभा कमी.

तिसऱ्या विधानात टिकाऊपणाबद्दल दोन दावे आहेत आणि ते वेगळे तपासायला हवेत. जुने जाड बूट आयुष्यभर टिकत, हा पहिला. ते बूट बहुधा पॉलियुरेथेनचे असत, आणि पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा शत्रू म्हणजे हवेतला ओलावा. पाण्याचे रेणू त्यातले एस्टर बंध तोडत जातात. ही झीज बूट कपाटात नुसते पडून असतानाही चालूच राहते, आणि वरून काही दिसत नाही. माझ्या एका सोबत्याने पंधरा-वीस वर्षे जपून ठेवलेली, जेमतेम वापरलेली जोडी मोठ्या विश्वासाने बाहेर काढली. दुसऱ्याच दिवशी बकल आवळताना टाचेकडून खापरीसारखा तुकडा सुटला. तो बोटांनी मोडून पाहिला तेव्हा काठाचा कणी-कणी चुरा झाला. गिर्यारोहणाचे जुने प्लास्टिकचे बूटही असेच पायात फुटलेले आहेत. पेबॅक्स आणि पॉलिअमाइड १२ या ओलाव्याला फारशी दाद देत नाहीत. त्यांना धोका आहे तो मुख्यतः कडक उन्हाचा. म्हणजे नुसत्या प्लास्टिकचा विचार केला तर हा दावा उलटाच पडतो.

हलके बूट दोन हंगामांत संपतात, हा दुसरा दावा. शर्यतीच्या अतिहलक्या बुटांबाबत तो मान्य करायला हरकत नाही. त्यांचे रबर पातळ असते आणि ते टिकाऊपणासाठी बनवलेलेच नसतात. इतर बुटांत 'संपतो' तो बूट नसून त्याचे काही भाग असतात. टूरिंगच्या बुटाचा कफ, म्हणजे नडगीभोवतीचा वरचा भाग, चालताना पुढेमागे मोकळा झुलतो आणि उतरताना मागच्या लिव्हरने जखडला जातो. वर सांगितलेल्या हजारो पावलांत तो दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर फिरतो, आणि त्या सांध्यात बारीक वाळू गेली की तीच कानशीसारखे काम करते. आधी खुट्ट असा आवाज येतो, मग बूट जखडलेला असतानाही कफ हाताने किंचित हलतो. हा भाग स्क्रूने बसवलेला असेल तर नवा घालता येतो, रिव्हेटने ठोकलेला असेल तर अवघड जाते. म्हणून बूट घेतानाच लिव्हर, बकल आणि सांधे कसे बसवले आहेत हे पाहावे, आणि सुटे भाग मिळतात का ते विचारावे. लायनर तर बदलण्यासाठीच असतो.

ज्याच्यावर इलाज नाही असा भाग एकच: पुढच्या टोकातले धातूचे इन्सर्ट. फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसाने १९८० च्या दशकात पिनवर चालणारी बाइंडिंग तयार केली; आजच्या हलक्या बाइंडिंगमध्येही बुटाच्या टोकाशी दोन बाजूंनी दोन पिना या इन्सर्टच्या खळग्यांत बसतात. हे इन्सर्ट शेल ओततानाच त्यात बसवले जातात, त्यामुळे ते बदलता येत नाहीत. खडकावर चालताना तळाचे रबर पुढून झिजले की त्यांना थेट मार बसतो. खळग्याची गोल कड लांबट झालेली दिसली किंवा पिन बसल्यावर बूट डावीउजवीकडे हलू लागला, तर शेल कितीही चांगला असला तरी तो बूट स्कीवर वापरू नये, कारण उतारावर तो नको त्या क्षणी सुटू शकतो. टाचेकडचा तुकडा मात्र स्क्रूचा असतो आणि तो अधूनमधून आवळायचा असतो.

आता माप आणि टिकाऊपणा यांचा संबंध, जो त्या सल्ल्यात पूर्णपणे सुटला आहे. सैल बुटात बकल नेहमी शेवटच्या दातावर असतात, त्यामुळे पातळ शेलच्या एकमेकांवर येणाऱ्या कडा मुरडतात आणि बकलच्या तारांवर सतत ताण राहतो. टाच वरखाली होत राहिल्याने लायनरच्या टाचेचे कापड आधी गोळे धरते आणि मग फाटते. माझ्या मोठ्या बुटांत ते दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर फाटले होते, आणि 'हलके बूट टिकत नाहीत' असे तेव्हा मीही लोकांना सांगत असे.

निगा राखण्याबद्दल थोडक्यात. घरी आल्यावर लायनर बाहेर काढून वेगळा वाळवावा, हीटरला टेकवू नये. शेल उन्हातल्या गाडीत ठेवू नये. ठेवताना बकल हलकेच लावलेले असावेत, म्हणजे शेल उघड्या अवस्थेत वाकडा होऊन बसत नाही. सांधे गोड्या पाण्याने धुवावेत.

मापाची तपासणी करून घेतलेली माझी आताची जोडी पहिलीपेक्षा एक नंबराने लहान आहे आणि वजनालाही हलकी आहे. पहिल्या दिवशी ती डाव्या करंगळीशी बोचत होती, म्हणून शेल तेवढ्या जागी तीन मिलिमीटर फुगवून घेतला. सहा हंगामांत तिचा लायनर एकदा बदलला आहे आणि उजव्या कफच्या सांध्यातली चकती एकदा. पुढचे इन्सर्ट मी दर हंगामाच्या सुरुवातीला दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करून टॉर्चच्या उजेडात पाहते; खळग्यांची कड अजून गोल आहे.