ताट वेगळं केल्याने हिपॅटायटिस बी थांबत नाही

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांनी एक मेसेज टाकला. मथळा होता, 'जगातल्या सर्वांत किळसवाण्या जेवणाच्या पद्धती आणि त्यातून पसरणारे रोग'. इथिओपियात सगळे एकाच थाळीतून जेवतात आणि एकमेकांना हाताने घास भरवतात, जपानमध्ये गरम भातावर कच्चं अंडं फोडतात, चीनमध्ये घरातले सगळे आपापल्या काड्या एकाच भांड्यात घालतात, अशी यादी. शेवटी ठळक अक्षरांत: 'एका ताटात जेवल्याने, उष्टं खाल्ल्याने कावीळ, हिपॅटायटिस बी, कुष्ठरोग, एड्स होतो. किळस येते कारण शरीराला धोका आधी कळतो. शरीर कधी खोटं बोलत नाही.'

एरवी वाचून सोडून दिलं असतं. पण माझ्या वहिनीला हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला होणारा एक विषाणूसंसर्ग, आहे. दुसऱ्याच दिवशी तिचं ताट, वाटी, पेला बाजूला काढला गेला. तिसऱ्या दिवशी काका तिला म्हणाले, "पोरीला हाताने भरवू नकोस." पोर दोन वर्षांची आहे. हे सगळं वहिनीला विचारूनच लिहितेय. तीच म्हणाली, लिही.

म्हणून आधी तेच. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने होत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, निर्जंतुक न केलेल्या सुईतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. अन्न, पाणी, भांडी, मिठी, खोकला यांतून तो पसरत नाही. इतकंच काय, बाळाला वेळेवर लस मिळाली असेल तर आईने अंगावर पाजायलाही हरकत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2022 मध्ये जगात 25 कोटी 40 लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. एवढ्या माणसांची ताटं वेगळी करायची का?

लाळेत हा विषाणू थोड्या प्रमाणात सापडतो, हे खरं. पण उष्ट्या भांड्यातून तो कुणाला झाल्याचं दिसलेलं नाही. घरात वेगळं ठेवायचं ते टूथब्रश, दाढीचं ब्लेड आणि नेलकटर, कारण तिथे रक्ताचा अंश राहू शकतो आणि हा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. मेसेजमध्ये यातल्या एकाचाही उल्लेख नाही. ज्याने खरंच धोका टळतो ते सोडून ताटावर सगळा जोर!

वहिनीला हे गरोदरपणातल्या तपासणीत कळलं. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दिलं गेलं, पुढचे डोस वेळेवर झाले, नंतर रक्ततपासणीही झाली. पोरीच्या अंगात संरक्षण तयार आहे. तिच्या आईने तिच्या तोंडात घातलेला घास तिला काहीही करणार नाही.

गोंधळाचं मूळ मला आपल्या शब्दात दिसतं. कावीळ. डोळे पिवळे झाले की आपण सगळ्याला कावीळ म्हणतो, पण ते लक्षण आहे. त्यामागे हिपॅटायटिस ए आणि ई असू शकतात, ते दूषित पाण्याअन्नातून पसरतात. बी आणि सी असू शकतात, ते तसे पसरत नाहीत. पित्तखडाही असू शकतो, तो तर संसर्गच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एकाचं भय दुसऱ्याच्या माथी मारलं.

एड्स आणि कुष्ठरोगाबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचाच संताप येतो. एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, एकत्र जेवल्याने पसरत नाही. कुष्ठरोगही एका पंगतीत बसल्याने होत नाही. उपचार न झालेल्या माणसाच्या दीर्घ, निकट सहवासातून तो पसरू शकतो आणि औषध सुरू झालं की तेही थांबतं.

आता 'शरीर खोटं बोलत नाही' हे वाक्य. सगळ्यांना तेच पटतं आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तेच करतं. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये किळसेवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेलं झुरळ निर्जंतुक करून फळाच्या रसात बुडवलं आणि बाहेर काढलं. झुरळ निर्जंतुक आहे हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. दुसऱ्या प्रयोगात लोकांसमोरच दोन बाटल्यांत साखर ओतली. एका बाटलीवर 'साखर' आणि दुसरीवर 'सोडियम सायनाइड' अशी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली. तरीही सायनाइडची चिठ्ठी असलेल्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला मन कचरत होतं. तिथे विष नव्हतं, जंतू नव्हते. तरी शिसारी होतीच.

याची उलट बाजू जास्त घातक आहे. भात शिजला तरी बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू त्यात जिवंत राहू शकतात. भात तासन् तास बाहेर राहिला तर ते वाढतात, आणि त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्या भाताला वास येईलच असं नाही, किळस तर मुळीच येत नाही. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नाकावर आणि किळसेवर विसंबणाऱ्याला हे कसं कळणार?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. लाळेतून काहीच पसरत नाही, असं नाही. ओठांवर पुरळ आणणारा हर्पिस पसरतो. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच लागतो आणि त्यात लाळेचाही वाटा असू शकतो. म्हणून घास स्वतः चावून बाळाला देऊ नये, हे बरोबरच आहे. चीनमध्येही ही काळजी कुणी घेतली नाही असं नाही. 1910-11 च्या मांचुरियातल्या (ईशान्य चीनमधल्या) प्लेगशी झुंजलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनीच पुढे जेवणाच्या टेबलावरच्या फिरत्या तबकाचा पुरस्कार केला, वाढायच्या काड्या वेगळ्या ठेवायला सांगितल्या. पण माणसाला पंगतीतून उठवा, असं त्यांनी सांगितलं नाही.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूचा धोका असतो, म्हणून जपानमध्ये धुऊन, तपासून, कच्चं खाण्याची तारीख छापून अंडी विकतात. जिथे ही व्यवस्था नाही तिथे कच्चं अंडं खाऊ नये, एवढाच त्या मुद्द्याचा जीव.

आणि इथिओपियातला तो भरवलेला घास. त्याला गुर्शा म्हणतात. समोरच्याबद्दलचं प्रेम आणि मान दाखवायला तो भरवतात. जेवणाआधी हात धुतात. धुतलेला हात आणि धुतलेला चमचा यांत घाबरण्यासारखा फरक नाही. न धुतलेल्या चमच्याचं मात्र कुणालाच काही वाटत नाही.

ज्या घरात हिपॅटायटिस बी असलेलं माणूस आहे, तिथे बाकीच्यांनी रक्त तपासून घ्यायचं असतं आणि संरक्षण नसेल तर लशीचे तीन डोस घ्यायचे असतात, साधारणपणे पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. माझी आणि दादाची तपासणी केव्हाच झाली आहे. काकांनी अजून केलेली नाही. मेसेजखाली मी त्यांना हेच लिहिलं आणि शनिवारी तपासणीला मी सोबत येते, असंही म्हटलं. वहिनीचं वेगळं काढलेलं ताट मी परत सगळ्या ताटांत ठेवलं आहे, आणि आज संध्याकाळी पोर तिच्या हातून जेवली.