बुडबुडे दिसले म्हणून पंप मोठा करू नका

समुद्री मासे आणि प्रवाळ पाळण्यासाठी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला बरीच वर्षे हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा : टाकीत बारीक बुडबुडे दिसले तर काळजी करू नये, कारण तो ऑक्सिजनच असतो, तरीही ते नकोसे वाटत असतील तर रिटर्न पंप, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या पेटीतून (संपमधून) पाणी वर परत ढकलणारा पंप, मोठा बसवावा, म्हणजे प्रवाहाच्या जोराने ते फुटून जातील, प्रवाह मंदावला तर पंप गेला असे समजून तो बदलावा, आणि संपमधील पाणी उतरले तर मीठ कालवलेल्या पाण्याने ते भरून काढावे. यातल्या पहिल्या विधानात थोडेफार तथ्य आहे. उरलेल्या तिन्हींमुळे पैसे जातात आणि दुखणे मात्र जागच्या जागी राहते.

प्रथम ऑक्सिजनचे पाहू. बुडबुड्यात असते ती साधी हवा, आणि तिच्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो. शिवाय डोळ्यांना दिसणारा बुडबुडा म्हणजे पाण्यात अजून न विरघळलेली हवा. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम. त्यामुळे खाऱ्या टाकीत ऑक्सिजनची चिंता वाजवीच आहे, परंतु तिचे उत्तर पृष्ठभाग सतत हलता ठेवणे आणि स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वर काढणारे यंत्र, नीट चालवणे हे आहे. स्किमरच्या नळकांड्यात बुडबुडे हवेतच. खाऱ्या पाण्यातले बारीक बुडबुडे एकमेकांत सहजी मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून तेथे दाट फेस धरतो आणि त्याला चिकटून प्रथिनांची घाण वर येते. गोड्या पाण्यात हे यंत्र जवळपास निकामी ठरते ते याच कारणाने. मात्र हाच गुण स्किमरमधून निसटलेल्या बुडबुड्यांना चिवट बनवतो. त्यांनी मासे मरतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण स्पंज या समुद्री जीवाच्या छिद्रांत हवा अडकली तर तो भाग मरू शकतो, आणि पृष्ठभागावर फुटणाऱ्या प्रत्येक बुडबुड्याचा तुषार दिव्यांवर, झाकणावर आणि विजेच्या प्लगवर मिठाची साय चढवतो.

आता मोठ्या पंपाचे, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केले आहे. संपमध्ये बुडबुडे अडवण्यासाठी काचेच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, लावलेल्या असतात. पाणी एका पट्टीवरून खाली उतरते आणि दुसरीच्या खालून पुढे जाते. या उतरत्या वाटेत बुडबुडा वर चढू शकला तरच तो पाण्याबाहेर पडतो. एक मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास चढतो, परंतु एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे पाणी दुधाळ दिसायला लावणारा, सेकंदाला अर्धा सेंटिमीटरच चढतो. समजा संपची रुंदी ३० सेंटिमीटर आणि दोन पट्ट्यांमधली फट अडीच सेंटिमीटर आहे. तासाला ३,००० लिटर पाणी त्या फटीतून जाऊ लागले तर ते सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर वेगाने खाली ओढले जाते, आणि मिलिमीटरभराचा बुडबुडासुद्धा तेथे निभावत नाही. फट पाच सेंटिमीटर केली आणि प्रवाह १,५०० लिटरवर आणला तर हाच वेग तीन सेंटिमीटरच्या आत येतो. सर्वात सूक्ष्म बुडबुडे तरीही निसटतील, पण बाकीचे वर येऊन फुटतील. शिवाय वरच्या टाकीतून खाली तेवढेच पाणी येते जेवढे पंप वर ढकलतो. पंप दुप्पट केला की उतरणाऱ्या पाइपातही दुप्पट पाणी आदळते, गुरगुर वाढते आणि पाणी आणखी हवा सोबत घेऊन येते. थोडक्यात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. प्रवाळांना जोराचा प्रवाह लागतो हे खरे, परंतु तो टाकीतल्याच वेव्हमेकरने, म्हणजे आतले पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने, द्यावा. संपमधून तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरले तरी गाळणीचे काम भागते.

हवा नेमकी कोठून शिरते हे शोधायला महागडे साधन लागत नाही. पंधरा मिनिटे स्किमर बंद ठेवावा. बुडबुडे थांबले तर दोष तेथे आहे. नवा स्किमर पहिले काही दिवस असा वागतोच, त्याला वेळ द्यावा. थांबले नाहीत तर रिटर्न पंपाच्या कप्प्यात वाकून पाहावे : पंपाच्या तोंडाशी भोवरा दिसला तर पातळी खाली गेलेली आहे. पंप संपच्या बाहेर बसवलेला असेल तर त्याच्या ओढणाऱ्या बाजूचे सांधे तपासावेत. पंप चालू असताना तेथील गळतीतून सहसा थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. सांध्यावर बोटभर व्हॅसलिन चोपडले आणि टाकी निवळली, की चोर सापडला.

प्रवाह मंदावला म्हणजे पंप गेला, या विधानावर मी स्वतः एकदा विश्वास ठेवला आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा पंप आणला, आणि जुना उघडला तेव्हा इम्पेलरवर, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकावर, चुन्याचा पांढरा थर बसून तो जेमतेम फिरत होता एवढेच आढळले. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्यावर तो पूर्ववत चालू लागला. आजही तो मीठ कालवायच्या पिंपात आहे. खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवावे लागत नसतानाचा, असतो हेही लक्षात ठेवावे. सव्वा मीटर चढावर तोच पंप बराच कमी देतो, आणि तो त्याचा बिघाड नव्हे. खरा प्रवाह मोजायचा तर रिटर्नचे तोंड बादलीत धरावे. दहा लिटर भरायला २४ सेकंद लागले तर तासाला १,५०० लिटर. हा आकडा टाकी नवी असतानाच लिहून ठेवला असेल तर पुढे अंदाजाची गरज पडत नाही.

राहिले मिठाच्या पाण्याचे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागेच राहते. ओव्हरफ्लोमुळे, म्हणजे जादा पाणी काठावरून संपमध्ये सांडण्याच्या सोयीमुळे, वरच्या टाकीची पातळी जागची हलत नाही. सगळी घट रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा ३० बाय २५ सेंटिमीटरचा असेल आणि नऊ लिटर पाणी उडाले असेल, तर तेथील पातळी १२ सेंटिमीटरने उतरते, पंप हवा ओढू लागतो आणि माणूस पंपाला दोष देतो. एकूण ३०० लिटर पाण्यात एवढ्या घटीनेच क्षारता, म्हणजे लिटरमागे सुमारे किती ग्रॅम मीठ तो आकडा, ३५ वरून ३६ वर जाते. ती घट पुन्हा ३५ क्षारतेच्या पाण्याने भरली तर दर खेपेस सुमारे ३१५ ग्रॅम मीठ जादा पडते. म्हणून तेथे आरओचे गोडे पाणीच घालावे, आणि कप्प्याच्या काचेवर पातळीची एक रेघ मार्करने मारून ठेवावी.