सामना सोडून न पळाल्याबाबत

मी पळालो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुठल्याशा सर्व्हरच्या दप्तरी मी पळालो अशी नोंद झाली आहे आणि ती खोडायची सोय नाही.

मंगळवारी रात्री ऑनलाइन फुटबॉलच्या मॅचमध्ये 88व्या मिनिटाला मी 2-1 असा पुढे होतो. समोर कोण होतं माहीत नाही, नावाच्या जागी सात आकडे आणि एक कवटी. एवढ्यात माझा गोलकीपर हात वर करून उभा राहिला तो राहिलाच. बॉल हवेत टांगलेला. पाच-सहा सेकंदांनी कोपऱ्यात वायफायचं लाल चिन्ह लुकलुकलं आणि निकाल आला : तुम्ही सामना सोडलात, 0-3. माझे दोन गोल कुठे गेले ते विचारायचं नाही. खाली बारीक इंग्रजीत तंबी, की वारंवार सामने सोडून जाणाऱ्यांवर निर्बंध येऊ शकतात.

मी 46 वर्षांचा आहे. एकाच कंपनीत 19 वर्षं काढली. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' संपेपर्यंत बसणारा मी एकटा. मेव्हण्याचं गाणं मी दोनदा पूर्ण ऐकलंय. आणि मला हे यंत्र पळपुटा म्हणतं.

हा त्रास तीन आठवडे चालू होता. दिवसा नेट पळतं, रात्री लंगडतं. पास द्यायचं बटण दाबलं की माझा खेळाडू आधी 'काय म्हणालात?' अशा चेहऱ्याने उभा राहायचा, मग वळायचा, आणि पास द्यायचा तोवर बॉल दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात. कस्टमर केअरला फोन केला की राउटर बंद करून चालू करा. केला. पुन्हा करा. मग एक मुलगा यायचा, नेहमी दुपारी बारालाच. मोबाईलवर स्पीड टेस्ट लावायचा, 200च्या वर आकडा दिसला की त्याचा फोटो काढायचा आणि म्हणायचा, "सर, लाईन ओके आहे. ओटीपी आला असेल, सांगा." ओटीपी दिला की तक्रार बंद. तक्रार सुटली म्हणून बंद होत नाही, ओटीपी दिला म्हणून बंद होते, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

आणि स्पीडचं कौतुक कुणाला? स्पीड म्हणजे पाइप किती जाड. पिंग म्हणजे नळ सोडल्यापासून पाणी यायला, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला, किती वेळ. पुणेकराला हा फरक समजावून सांगावा लागू नये. गुरुवारी बंद ठेवलेलं पाणी शुक्रवारी येतं तेव्हा आधी नुसती फुर्रफुर्र हवा, मग गढूळ पिचकारी, मग पुन्हा हवा. रात्री अकराला माझं नेट असंच यायचं. गेमला पाइप जाड लागतच नाही, बारीकशी धार पुरते, फक्त ती तुटता कामा नये.

बुधवारी मी चौथ्यांदा कस्टमर केअरवर आवाज चढवत होतो तेव्हा तळमजल्यावरचे काका मेंटेनन्सची पावती द्यायला दारात आले. काकांनी टेलिफोन खात्यात 34 वर्षं नोकरी केली. आता निवृत्त आहेत, म्हणजे कानाला लावायला काही उरलेलं नाही. "लाईन खराब आहे" हे माझे शब्द त्यांनी ऐकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मी फोन ठेवून दिला.

"डायल टोन येतो का?"

"काका, फोन नाही. नेट."

"तेच हो. तार आहे ना?"

"तार नाही, फायबर. काच असते आतमध्ये."

"काच." त्यांनी चप्पल काढली आणि आत येऊन बसले. "ओल आली असेल."

"काकेला... काचेला ओल येत नाही, काका. आणि एप्रिल आहे."

"ओल एप्रिलमध्ये दिसत नाही. असते. बरं, खेळ कुठला म्हणालात?"

"फुटबॉल."

"कुठे खेळता?"

"घरातच."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग फरशीकडे, म्हणजे त्यांच्या छताकडे. "तरीच."

"काय तरीच?"

"रात्री धप्प असा आवाज येतो."

"तो मी कंट्रोलर आपटतो."

"म्हणजे खेळ नव्हे, खेळ संपल्यावरचा आवाज." ते पावतीच्या मागे काहीतरी लिहायला लागले. "आता नीट आठवून सांगा. तुम्ही हरता म्हणून लाईन खराब असते, की लाईन खराब असते म्हणून हरता?"

स्वयंपाकघरातून बायकोचा हसण्याचा आवाज आला. "काका, हे मी महिनाभर विचारतेय."

आमच्याकडे राउटरही कुठे आहे म्हणता? शोकेसमध्ये. पुढे पितळी गणपती, शेजारी स्टीलचे तीन डबे, कारण शोकेसचा तो कप्पा सासूबाईंनी दिलेल्या वस्तूंचा आहे आणि तिथे राउटर पाहुणा म्हणून राहतो. धातूतून वायफाय जात नाही, हे चिरंजीवांनी आईला दोनदा सांगितलं. "गणपती हलणार नाही" असं उत्तर मिळालं. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय आणि आमचा मायक्रोवेव्ह दोघे एकाच लहरीवर नांदतात, त्यामुळे रात्री कुणी आमटी गरम केली की माझा बचाव फाटतो. शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन 20 मीटर लॅन केबल आणली आणि भिंतीकडेने हॉलभर फिरवली. निळी मिळाली. घरात चार दिवस त्या निळ्या रंगावर बोलणं झालं. घर थोडं कुरूप झालं, पिंगला ढिम्म फरक पडला नाही.

काकांनी मात्र प्रकरण हातात घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लाल कापडी कडांचं रजिस्टर घेऊन वर आले. रकाने आखलेले : दिनांक, वेळ, पिंग, निकाल, शेरा. चिरंजीवांनी लॅपटॉपवर पिंगची खिडकी उघडून दिली, काका शेजारी खुर्ची टाकून बसले, आणि मी खेळायचो. कुणी बघत असताना हरण्याचा सराव मला ऑफिसात आहे, पण इथे शेजारी पेनाची टोपी उघडल्याचा आवाज यायचा.

शनिवारी त्यांनी नोंदी वाचून दाखवल्या. "सायंकाळी साडेसातपर्यंत पिंग 14, स्थिर. त्यानंतर 90, 310, उत्तर नाही, उत्तर नाही, 45. म्हणजे दोष आहे. पण हे बघा, दुपारी तीन वाजता पिंग 14 असताना तुम्ही 0-5 हरलात."

"तो ब्राझीलचा असेल कुणीतरी."

"तिकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. माझी पुतणी असते साओ पावलोला. इतक्या सकाळी उठून तुम्हाला हरवायला कोण बसेल?" शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'दोषाशी संबंध नाही.'

मग मी जरा तापलो. म्हटलं, काका, गेम सर्व्हर निवडतो तो कधी मुंबईचा, कधी सिंगापूरचा. समोरचा पोरगा हडपसरला बसला असला तरी माझा पास आधी सिंगापूरला जाऊन मग हडपसरला येतो. यावर काका खुशीत आले. काचेत उजेड सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, हे चिरंजीवांनी सांगितलं आणि काकांनी पावतीमागे गणित मांडलं. मुंबई 150 किलोमीटर, जाऊन-येऊन दीड मिलीसेकंद. सिंगापूर 4000 धरलं, तर जाऊन-येऊन 40. "म्हणजे मुंबईला जाऊन परत यायला डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही," ते म्हणाले आणि बराच वेळ त्या दीडच्या आकड्याकडे बघत बसले. 1960मध्ये देशातलं पहिलं एसटीडी, म्हणजे परगावी थेट नंबर फिरवायची सोय, लखनौ-कानपूर सुरू झालं. पुढे काका नोकरीला लागल्यावरही लोक ट्रंक कॉल बुक करून रात्रभर फोनपाशी पथारी टाकायचे. बिघाडासाठी 198 फिरवायचं. "तिथे माणूस असायचा. शिव्या खायचा, पण असायचा." यावर मला काही विनोद सुचला नाही. माझ्या चारही फोनमध्ये ज्यांच्याशी मी बोललो त्यांच्यापैकी कुणालाही माझी लाईन दिसत नव्हती, त्यांना फक्त माझं तिकीट, म्हणजे तक्रारीचा नंबर, दिसत होतं. पैसे मात्र मी वर्षाचे एकदम भरलेत.

"लेखी दिलंत का?" काकांनी विचारलं.

"कुणाला?"

"खेळवाल्यांना. पळाल्याची नोंद झाली आहे ना? ती लेखी खोडून काढावी लागते. घ्या, लिहा." आणि ते येरझाऱ्या घालत सांगू लागले. "प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : सामना सोडून न पळाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, मंगळवार रोजी रात्री 11 वाजून 14 मिनिटांनी निम्नस्वाक्षरीकार हे 2-1 अशा सुस्थितीत असताना, त्यांचा पळून जाण्याचा कोणताही उद्देश अथवा कारण नसताना..."

"काका, 'सुस्थितीत' नको."

"राहू दे. पुन्हा कधी लिहायला मिळेल?"

अर्ज दीड पानी झाला. सोबत रजिस्टरच्या तीन पानांची सत्यप्रत. गेमच्या मदत खिडकीतला चौकोन 160 अक्षरांचा निघाला, त्यात अर्ज 'निम्नस्वाक्षरीकार' इथे मोडला. दोन सेकंदांत उत्तर आलं. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार, कृपया राउटर बंद करून चालू करा.

"आली ना पोच?" काका समाधानाने म्हणाले. "आता ते नाही म्हणू शकत नाहीत."

त्याच रात्री चिरंजीवांनी राउटरचं पान उघडलं, तिथे येणाऱ्या उजेडाचा आकडा असतो. दुपारी उणे 20 होता. आता उणे 29. "बाबा, उणे 27च्या खाली गेलं की डबा आंधळा व्हायला लागतो," तो म्हणाला. तीनने आकडा घसरला की उजेड निम्मा, म्हणजे नऊने घसरला की आठवा हिस्सा. काका उठलेच. "हा आतला दोष नाही. बॅटरी घ्या."

रात्री पावणेबाराला आम्ही तिघे गच्चीवर. शेजारच्या इमारतीवरून आमची केबल येते, टाकीच्या पाइपाला एक वेढा घेते आणि मग कठड्याकडेने नुसतीच जमिनीवर पडून असते. एक क्लिप मारायची म्हणजे काय ते तक्रारी बंद करणाऱ्यांना माहीत नसावं. काका वाकून केबलीवर बॅटरी फिरवत पुढे सरकत होते. कोपऱ्यात थांबले. चार विटा, एकावर एक रचलेल्या. त्यांच्याखाली आमची केबल, हातातल्या बांगडीएवढीही गोलाई नाही, सरळ काटकोनात दुमडलेली. काचेची तार इतकी वाकवली की आतला उजेड वळत नाही, बाहेर सांडतो. विटांवर घडी घालून ठेवलेली जुनी जांभळी साडी. तिला जिऱ्याचा आणि बटाट्याच्या पापड्यांचा वास येत होता.

दिवसा साडीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. संध्याकाळी वाळवण उचललं की विटा कोपऱ्यात. म्हणून दुपारी लाईन ओके, आणि साडेसातनंतर मी पळपुटा.

काकांनी साडीवर बॅटरी धरली. नंतर बॅटरी बंद केली. अंधारातच म्हणाले, "ही हिची आहे."

मी काही बोललो नाही. तीन आठवडे, एकवीस रात्री, एक मंगळवार. कशी काय हो काकूंना नावं ठेवायची? पहिल्या खेपेच्या पापड्या आमच्याकडे तळूनही झाल्या होत्या, मी स्वतः सात खाल्ल्या होत्या. काकांनी विटा एकेक करून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या, कठड्याला टेकून थोडा दम घेतला आणि हळूच विचारलं, "रजिस्टरमध्ये कारण काय घालायचं?"

"वस्तुस्थिती."

"'तांत्रिक' घालू."

रविवारी रात्री काका ठरल्याप्रमाणे वर आले. हातात काकूंनी दिलेला पापड्यांचा डबा, कशाबद्दल ते कुणी बोललं नाही. उजेड उणे 20. मॅच सुरू झाली. सर्व्हर मुंबईचा मिळाला. बटण दाबलं की खेळाडू वळत होता, अगदी त्याच क्षणी, आणि अगदी त्याच क्षणी बॉल समोरच्याला देत होता. हाफ टाइमला 0-2. साठाव्या मिनिटाला 0-4. मी कोपऱ्यातल्या नेटच्या चिन्हाकडे बघत होतो. शेजारी पेनाची टोपी उघडली.

"12 मिलीसेकंद," काका म्हणाले. "स्थिर. एकही तुटलेलं नाही. काय सुंदर लाईन आहे!"

0-5.

माझं बोट मेनूच्या बटणाकडे गेलं. तिथून दोन पायऱ्या खाली 'सामना सोडा' असतं.

"हां," काका रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "आता मात्र पळालात असं होईल."