निकोडेमसला शेती जमली नाही, हे खोटं आहे

एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘अमेरिकेचं माळरान गोऱ्या कुटुंबांनी कसलं. तीच जमीन सरकार सुटलेल्या गुलामांनाही फुकट देत होतं, पण त्यांना शेती जमली नाही, म्हणून त्यांची गावं ओस पडली.’ हे वाचून आपल्याकडचेही काही जण ‘भूमिहीनांना जमीन देऊन काय उपयोग’ म्हणू लागतात. म्हणून हे उत्तर, अशाच एका गावाच्या, निकोडेमसच्या, उदाहरणावरून.

‘गोऱ्यांनी कसलं.’ कॅन्सस राज्याच्या ग्रॅहम काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) निकोडेमस 1877 साली वसवलं ते केंटकीहून आलेल्या काळ्या कुटुंबांनी. त्यांतले बहुतेक बारा वर्षांपूर्वीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे होते. पुढच्याच वसंतात डॅनियल हिकमन हे पाद्री बायकोमुलं आणि आपल्या चर्चमधली माणसं घेऊन तिकडे निघाले. वाटेत एलिस या गावी गोवराची साथ आली, सोबतची काही लेकरं गेली. तिथून गाड्या जोडून माळ तुडवत पोचल्यावर त्यांच्या पत्नी विलियाना यांनी विचारलं, गाव कुठंय? नवऱ्यानं जमिनीतून निघणारा धूर दाखवला. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. आपल्याला रडू कोसळलं, असं विलियानांनीच पुढे सांगून ठेवलं आहे. तरी कुटुंब त्या परिसरातच राहिलं.

‘फुकट.’ 1862 च्या होमस्टेड कायद्यानं, म्हणजे वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यानं, 160 एकर मिळत, पण सगळी मिळून साधारण 18 डॉलर फी भरायची आणि पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. त्याआधी ती नावावर होत नसे. नांगर आणि जनावरं फार थोड्यांकडे होती; कुदळ-फावड्यानंच गवताची घट्ट मुळं फोडावी लागली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस दिलं, असं तिथल्या घराण्यांत सांगतात. ते माळरानही काही रिकामं नव्हतं. मूळ रहिवाशांना हुसकून सरकारनं ते मोकळं केलं होतं.

‘शेती जमली नाही.’ हे सर्वांत खोटं. रेल्वे यावी म्हणून गावानं कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. 1888 साली रूळ पडले ते नदीपलीकडून, आणि दुकानदार उठून रुळांलगतच्या बोग या गावी गेले. बायपास झाला की जुनी बाजारपेठ कशी बसते, हे हायवेलगतच्या कुठल्याही गावकऱ्याला विचारा. त्यात शेतकऱ्याचा काय दोष? पुढे 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी आणि मंदीनं गोऱ्यांचीही गावं रिकामी केली. त्यांना कुणी नालायक म्हणत नाही.

‘ओस पडली.’ लोक फार थोडे उरलेत, खरं आहे. पण जमिनीतल्या खोपटात भरणारं बाप्टिस्ट चर्च 1907 साली चुनखडीच्या दगडात उभं राहिलं, ते आजही आहे. 1996 पासून गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. गावालगतच्या दफनभूमीत पहिल्या वस्तीकरांच्या कबरी आहेत. दर वर्षी जुलैच्या अखेरीस त्यांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून या गावी परततात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या घरात ती शेती अजून आहे.